पहिल्यापासून असंच आहे

तळ्याच्या काठावर आम्ही गाडीतून नळ्या उतरवत होतो तेव्हा एक काका येऊन उभे राहिले, सत्तरी ओलांडलेले असतील, आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला जो सगळीकडे सगळे विचारतात, काय शोधताय, खाली सोनंबिनं आहे की काय. म्हटलं नाही हो काका, चिखल न्यायला आलोय. ते हसले, म्हणाले चिखल तर इथे काठालाच आहे हवा तेवढा, त्याला होडी कशाला पाहिजे. मग मीच त्यांना विचारलं की पाणी असं हिरवंगार कधीपासून आहे.

"पहिल्यापासून असंच आहे," काका म्हणाले, क्षणभरही विचार न करता.

त्यांच्यासोबत त्यांची बहीण होती, ती ताडकन म्हणाली, "काहीतरीच काय दादा, लहानपणी तळ दिसायचा आपल्याला. तू नाणं टाकून बुडी मारून काढायचास." काका म्हणाले ते हे तळं नव्हे. ती म्हणाली हेच. आम्ही होडीत चढेपर्यंत त्यांचं चालूच होतं.

हे वाक्य मी आता इतक्या ठिकाणी ऐकलंय की त्याची मला सवयच झालीये. जंगल असंच विरळ होतं पहिल्यापासून. मासे पहिल्यापासून कमीच. इथे पाऊस पहिल्यापासून बेभरवशाचा. सांगणारे खोटं बोलत नसतात, फक्त प्रत्येकाचं 'पहिल्यापासून' स्वतःच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून सुरू होतं, त्याच्या आधीचं सगळं म्हणजे आजोबांच्या गोष्टी. आणि माणसांनाच कशाला नावं ठेवायची, यंत्रांचंही तेच आहे. बहुतेक तळ्यांचं पाणी नियमित तपासायला लागून काही दशकंच झालीत, ती पण जिथे कोणाला गरज वाटली तिथेच, आणि गरज वाटते ती पाणी बिघडल्यावर, म्हणजे रजिस्टरचं पहिलं पान उघडतं तेव्हाच पेशंट आजारी असतो. निरोगी असताना तो कसा होता हे कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून चिखल. तो बिचारा तिथे पूर्ण वेळ बसून होता.

तळ्याच्या तळाशी वर्षाला थोडासा, कुठे मिलिमीटरच्या आत तर कुठे काही मिलिमीटर असा गाळ साचत जातो. त्यात काठाची वाहून आलेली माती असते, हवेतून येऊन पडलेले परागकण असतात, पाण्यातल्या डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळाची काचेची कवचं असतात, डासांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या किड्यांच्या अळ्यांची डोकी असतात (हो, नुसती डोकी, बाकीचं शरीर कुजून जातं आणि डोक्याचं कडक कवच हजारो वर्षं टिकतं), वणव्याचा कोळसा, धुराड्यातून उडालेली काजळी, पानं, बिया, आणि आता प्लास्टिकचे तंतू. नवं वर पडतं, जुनं खाली दबत जातं. एक मीटर गाळ म्हणजे कुठे दीडशे वर्षं, कुठे दोन-तीन हजार.

नळी चिखलात दाबायची, वरून हवा बंद करायची आणि हळूहळू वर ओढायची. सांगायला एवढं सोपं, प्रत्यक्षात कंबर मोडते. पण लॅबमध्ये नेऊन ती नळी उभी चिरली, तार फिरवून गाळाचे दोन भाग केले आणि पुस्तक उघडावं तसे बाजूला केले की जे दिसतं त्यासाठी मी अजूनही सगळ्यांना हाक मारून बोलावते. कारण ते फार वेळ टिकत नाही. आत काळ्या, राखाडी, शेवाळी हिरव्या रंगाच्या रेघा असतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि हवा लागली की त्यातला काळा रंग बघता बघता विटायला लागतो. ऑक्सिजनशिवाय शेकडो वर्षं पडून राहिलेलं लोखंडाचं सल्फाईड गंजायला लागतं, दुसरं काही नाही. त्यामुळे फोटो आधी काढायचा, कौतुक नंतर. एकदा मी कौतुक आधी केलं आणि तेवढ्यात अर्ध्या रेघा तपकिरी झाल्या.

पेपरात यावर काही छापून आलं की हमखास लिहितात, निसर्गाची डायरी. मला ते मुळीच आवडत नाही. डायरी लिहिणारा काय लिहायचं ते ठरवतो, रात्री दमलेला असला तर चार दिवस लिहीत नाही आणि भांडण झालं तर आपली बाजू लिहितो. इथे कोणी लिहीत नाही, कोणी ठेवत पण नाही. जे बुडालं ते बुडालं, जे विरघळलं ते गेलं, जिथे तळाशी ऑक्सिजन आहे तिथे किडे आणि गांडुळासारखे जीव दहा-वीस वर्षांचा गाळ एकत्र कालवून ठेवतात. ही डायरी नाही, माळ्यावरचं सामान आहे, आणि आवरणारा कोणी नाही. माझा त्यावर विश्वास आहे तो त्यामुळेच. अर्थात आंधळा नाही.

परागकणांचंच बघा. मायक्रोस्कोपखाली पाईनचा कण आला की ओळखायला कष्ट नाहीत, मध्ये अंग आणि दोन बाजूंना हवेच्या दोन फुगीर पिशव्या, कार्टूनमधल्या उंदराच्या डोक्यासारखा. गवताचा कण म्हणजे साधा गोल चेंडू, त्याला एकच भोक. या कणांची बाहेरची भिंत ज्या पदार्थाची असते तो इतका चिवट की आम्ही गाळ अक्षरशः ॲसिडमध्ये शिजवतो, वाळू विरघळवायला वापरतो ते ॲसिड तर काच पण खाऊन टाकतं, तरी परागकण तसाच्या तसा राहतो. मग एका सँपलमध्ये तीनशे ते पाचशे कण मोजायचे, एकेक ओळखून. दिवसाला एक-दोन सँपल झाले तर चांगला दिवस. मोजायला सुरुवात करण्याआधी त्यात एक गोळी टाकतो, लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची. एका गोळीत साधारण किती बीजाणू आहेत ते आधीच मोजून ठेवलेलं असतं, त्यामुळे स्लाईडवर ते किती दिसले आणि खरे परागकण किती दिसले या गुणोत्तरावरून मूळ गाळात एकूण किती कण होते ते काढता येतं. मला ही युक्ती फार आवडते. तळ्यातले मासे मोजायला आपलेच शंभर खूण केलेले मासे सोडावेत तसं.

ही मोजणी गंभीरपणे सुरू केली लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश माणसाने. १९१६ साली त्याने भाषण देऊन दाखवलं की खालून वर परागकणांची टक्केवारी कशी बदलत जाते त्यावरून जंगल कसं बदललं ते वाचता येतं. पण टक्केवारी फसवी असते. पाईन वाऱ्याच्या भरवशावर असतो म्हणून ढगच्या ढग सोडतो, आणि ज्या झाडाचं काम मधमाशी करते ते कशाला उधळपट्टी करेल, त्याचे कण मोजकेच. म्हणजे स्लाईडवर पाईन ढीगभर आणि प्रत्यक्षात दूरच्या डोंगरावर चार झाडं असं होऊ शकतं. जो जास्त बोलतो त्याचंच ऐकू येतं. ते गणित करून वजा करायला लागतं, आणि तरी शंका उरतेच.

मग वय. वरच्या दीडशे वर्षांसाठी शिसं-२१० वापरतात. जमिनीतून रेडॉन वायू हवेत जातो, त्याचं शेवटी शिसं होतं, ते पावसाबरोबर तळ्यात पडतं आणि दर सव्वाबावीस वर्षांनी निम्मं होत राहतं, म्हणून खाली खाली जाताना ते किती कमी झालं त्यावरून वय. त्याला साक्षीदार म्हणून सीझियम-१३७, अणुचाचण्यांच्या राखेतून आलेलं, १९६३ च्या आसपासच्या थरात त्याचं टोक असतं आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी वर अजून एक टोक सापडतं, चेर्नोबिलचं, १९८६. आणखी खाली गेलं की कार्बन-१४, अर्धायुष्य ५,७३० वर्षं, पन्नासेक हजार वर्षांपर्यंत चालतो. पण चुनखडीच्या भागातल्या तळ्यात पाणवनस्पती दगडातून विरघळलेला जुना कार्बन घेतात आणि कालची वनस्पती हजार वर्षांची म्हातारी दिसते, त्यामुळे जमिनीवरच्या झाडाचं पान सापडलं तर आम्हाला लॉटरी लागल्यासारखं वाटतं.

आता माझी फजिती सांगते. एका कोअरचे, म्हणजे नळीतून वर काढलेल्या गाळाच्या उभ्या कांडीचे, चार तुकडे होते, एकेक मीटरचे, आणि तिसऱ्या तुकड्यात जंगल अचानक येत होतं, मग हळूहळू मावळत होतं आणि तुकडा संपला की पुन्हा भस्सकन हजर. दोन आठवडे मी त्या 'अचानक'वर जीव लावून बसले होते. आकस्मिक हवामान बदल म्हणून मनात पेपरचं शीर्षक पण तयार होतं. मग शेजारच्याच भोकातून काढलेला दुसरा कोअर उघडला तर त्यात कुठेच काही अचानक नव्हतं, जंगल रीतसर वाढत गेलेलं. नळीवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो, तो मीच उलटा काढला होता. पावसात, मार्करने, आणि एवढ्या खात्रीने की नंतर कधी शंकाच आली नाही. त्या दोन आठवड्यांत माझ्या आकड्यांमधला एकही आकडा चुकीचा नव्हता, हे मला जास्त लागलं.

म्हणून सुइगेत्सुची गोष्ट मला सांत्वन म्हणून लागते. जपानातलं हे तळं, तळाशी पाणी इतकं शांत आणि ऑक्सिजन इतका कमी की गाळ कालवायला कोणी किडा नाही, त्यामुळे दर वर्षाची फिकट-गडद जोडी जशीच्या तशी, झाडाच्या वलयांसारखी. वर त्यात काठावरच्या झाडांची पानं पडलेली, म्हणजे थर मोजून खरं वय मिळणार आणि पानातून कार्बनचं वय, दोन्ही एकाच जागी. हवेतला कार्बन-१४ कायम सारखा नव्हता म्हणून कार्बनच्या तारखा दुरुस्त कराव्या लागतात, त्या दुरुस्तीसाठी यापेक्षा चांगली जागा कुठली असणार. १९९३ मध्ये तिथे कोअर काढला, काही वर्षं मोजणी केली, आणि आकडे इतर ठिकाणच्या आकड्यांशी जुळेनात. कारण शेवटी कळलं ते म्हणजे, एकाच भोकातून एकाखाली एक तुकडे काढताना दोन तुकड्यांच्या मध्ये थोडाथोडा गाळ सुटत गेला होता. जे हातात होतं ते बरोबर, जे निसटलं त्याचा पत्ता नाही. मग २००६ मध्ये ताकेशी नाकागावा यांच्या टीमने पुन्हा जाऊन शेजारीशेजारी चार भोकं पाडली, एकाची सांधी दुसऱ्याच्या मधोमध येईल अशी, आणि ७३ मीटरचा सलग गाळ जुळवला. २०१२ साली त्यावरच्या कार्बनच्या तारखा प्रसिद्ध झाल्या आणि आता जगभर कोणीही कार्बन डेटिंग केलं की त्यातली दुरुस्ती अंशतः या तळ्याच्या चिखलातून आलेली असते. आधीचं काम म्हणे वाया गेलं. मला नाही तसं वाटत, सांध्यांकडे बघायला त्यानेच शिकवलं.

पण 'पहिल्यापासून'वर येऊ. या वाक्याचा सर्वात मोठा निकाल माझ्या मते लागला तो स्कॉटलंडमध्ये, गॅलोवे भागातल्या राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड नावाच्या छोट्या तळ्यात. सत्तर-ऐंशीच्या दशकात युरोपात आम्लपावसाचं भांडण पेटलं होतं, तळ्यांतले मासे संपत होते. एक बाजू म्हणत होती कोळसा जाळणाऱ्या वीज केंद्रांमुळे, दुसरी बाजू म्हणत होती छे, तिथला दगडच ग्रॅनाईट, माती आम्लधर्मी, ही तळी पहिल्यापासून तशीच, किंवा शेती सोडली म्हणून झालं, किंवा नवीन सूचिपर्णी झाडं लावली म्हणून. गंमत म्हणजे यातलं एकही कारण मूर्खपणाचं नव्हतं. बर्फयुग संपल्यावर अशा जमिनीवरची काही तळी खरंच हळूहळू आपोआप आम्ल होत जातात.

रॉजर फ्लावर आणि रिक बॅटरबी यांनी डायटम मोजले. डायटमची प्रत्येक जात पाण्याच्या ठराविक आम्लतेतच खूश असते, कोणाला किंचित अल्कली लागतं, कोणाला आंबट, त्यामुळे कोणत्या थरात कोण किती हे कळलं की त्या वर्षीच्या पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) काढता येतो, जवळपास थर्मामीटर वाचावा तसा. निघालं असं की तळ्याचा पीएच दीर्घ काळ साडेपाचच्या आसपास होता, म्हणजे 'पहिल्यापासून थोडं आम्ल' हे म्हणणं खरंच होतं. पण साधारण १८५० नंतर तो घसरायला लागला आणि ४.७ च्या आसपास गेला. ऐकायला ०.८ काहीच नाही, पण पीएचची पट्टी दहाच्या पटीत चालते, हा सहापट आम्लपणा झाला. आणि घसरण सुरू झाली त्या वेळी ती सूचिपर्णी झाडं लावलेलीच नव्हती, ती विसाव्या शतकातली. शिवाय त्याच गाळात वरच्या बाजूला काजळीचे गोल गोल कण वाढत जाताना दिसतात, जे फक्त कोळसा किंवा तेल खूप तापमानाला जाळल्यावरच होतात, वणव्यातून नाही, चुलीतून नाही. पहिला शोधनिबंध १९८३ चा. त्यानंतर बाकीची कारणं एकेक करून तपासत वर्षं गेली, आणि तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, समोरच्याचं म्हणणं उडवून न लावता ते खरं असतं तर चिखलात काय दिसलं असतं हे विचारणं. पुढे गंधकाचा धूर कमी झाला तसं पाणी सुधारायला लागलं, वरच्या थरात काही जुने डायटम परत यायला लागले. सगळे नाही.

उलट दिशेने जाणारी गोष्ट पण सांगितली पाहिजे, नाहीतर वाटेल की चिखल दरवेळी माणसालाच पकडून देतो. अलास्कात कार्लुक नावाचं तळं आहे, तिथे सॉकाय सामन मासे समुद्रातून अंडी घालायला येतात आणि अंडी घालून तिथेच मरतात. त्यांचं जवळजवळ सगळं शरीर समुद्रात वाढलेलं असतं आणि त्यात नायट्रोजनचं जड रूप, नायट्रोजन-१५, जास्त असतं. म्हणजे जितके मासे वर आले तितकी तळ्यात समुद्राची भर, आणि ती गाळात उतरते. ब्रूस फिनी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यावरून सुमारे २,२०० वर्षांचा माशांचा हिशोब मांडला. कारखाने आणि मोठी मासेमारी तिथे आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की त्याआधी मासेच मासे असणार. तर इसवीसनपूर्व १०० च्या सुमारापासून इसवीसन ८०० पर्यंत, म्हणजे जवळपास नऊशे वर्षं, मासे कमीच होते. जाळं टाकणारा कारखाना नाही, धरण नाही, समुद्रच बदलला होता. तेराव्या शतकापासून मात्र भरपूर. आता या तळ्याचं 'पहिल्यापासून' कुठलं धरायचं, मला विचाराल तर प्रश्नच थोडा चुकीचा आहे, पण तळ्यांच्या सुधारणेची योजना आखणाऱ्याला असं उत्तर देता येत नाही, त्याला एक आकडा हवा असतो. युरोपियन युनियनच्या २००० सालच्या पाणीविषयक कायद्यात तर मूळ स्थिती काय होती ते ठरवायलाच सांगितलंय, आणि मग सगळे आमच्याकडे बघतात.

कधी कधी चिखलाला माणसांच्या आधी बातमी असते. कॅनडात ऑन्टारिओमधल्या क्रॉफर्ड तळ्याच्या गाळात, १९७० च्या दशकात, मक्याचे परागकण सापडले. मक्याचा कण मोठा आणि जड, फार लांब उडत नाही, म्हणजे जवळच कोणीतरी मका लावत होतं. शोधायला गेले आणि खरंच तळ्यापासून थोड्या अंतरावर मूळ रहिवाशांची, लांबलचक घरांची वस्ती सापडली, युरोपियन यायच्या आधीची. हेच ते तळं ज्याचं नाव २०२३ मध्ये मानवयुगाची, म्हणजे माणसाने पृथ्वी बदलायला लागल्यापासूनच्या नव्या भूशास्त्रीय काळाची, सुरुवात दाखवणारी जागा म्हणून पुढे आलं, कारण तिथेही वर्षावर्षाचे थर आहेत आणि १९५० च्या दशकात प्लुटोनियम कुठे वाढायला लागतं ते बोट ठेवून दाखवता येतं. मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या समितीने मतदान करून मानवयुगाचा प्रस्ताव फेटाळला. प्लुटोनियम आहे तिथेच आहे.

तर आमचं तळं. त्या दिवशी शेवटचा कोअर वर आला तेव्हा काका आणि त्यांची बहीण अजून काठावरच होते. नळी पारदर्शक असते, त्यात वर वीतभर पाणी आणि त्याखाली गाळाचा अगदी वरचा भाग, मऊ, कापसासारखा, हलवलं तर ढग होतो. तो या वर्षीचा. तो वाचवायचा म्हणून वरचं पाणी मी सिरिंजने थेंबाथेंबाने काढत होते आणि दोघं वाकून बघत होते, न बोलता. मग अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या कापून पिशव्यांत भरल्या. पिशव्यांवर लिहायचं काम मी कोणाला देत नाही आणि स्वतःवर विश्वास नाही म्हणून दोनदा लिहिते, एकदा पिशवीवर, एकदा आत टाकलेल्या चिठ्ठीवर. काकांनी नळीचं खालचं टोक दाखवून विचारलं, हे किती जुनं. म्हटलं मोजल्याशिवाय नाही सांगता येणार. ते म्हणाले मी सांगतो, तेव्हापण हिरवंच होतं. बहीण म्हणाली, "पैज?"

पैज कशाची लागली ते मी ऐकलं नाही, पण काकांनी माझा नंबर मात्र घेतला. त्याला आता सात महिने झालेत. वरचे बावीस सेंटिमीटर मोजून झालेत, शिशाचे आकडे आलेत, त्यानुसार बावीस सेंटिमीटर म्हणजे दोघांच्या जन्माच्या थोडं अलीकडेच येतं, आणि तिथपर्यंत घाणेरड्या, खताळलेल्या पाण्यात राहणारे डायटमच सगळीकडे, अगदी एकसारखे. म्हणजे आत्तापर्यंत काका पुढे आहेत. पण बाविसाव्या स्लाईडच्या कडेला मला एक लांबट, नाजूक कवच दिसलंय, स्वच्छ पाण्यातल्या जातीचं वाटतंय, एकच आहे, आणि एकावरून काही म्हणता येत नाही. काकांचा परवा फोन येऊन गेला. तेविसावी स्लाईड उद्या लावते.